दबलेला फोम
नातू मोटारसायकलची सीट बदलून, जुनी सोबत घेऊन आला. नव्या रेक्झिनचा वास घरभर झाला आणि मला लातूरचं ते दुकान आठवलं. लग्नाला महिनाच झालेला. यांच्या मोटारसायकलला दोघांना आरामात बसता येईल अशी रुंद सीट मी हौसेनं निवडत होते. जुनी सीट दाबत कारागीर यांना म्हणाला, "मागं रोज कोण बसतंय हो? फोम पार दबलाय." मी तर दोनदाच बसलेली! हे खिशातले पैसे मोजू लागले. रेणापूरपर्यंत रस्ता सुनसान, आरशातला नवरा अनोळखी दिसत होता. माहेरी परतायचं मी ठरवूनच टाकलं. तेवढ्यात गाडी थांबली. "उतर, म्हशीला पेंड घ्यायची हाय," म्हणत यांनी सराईतपणे पोतं मागच्या सीटवर बसवलं. पोत्यावर जळत होते मी, येडी! आत्ता नातवाचा जुना फोम हळूच दाबून पाहिला. मागं पार दबलाय. पोरगा बिनलग्नाचा, आणि आता घरात म्हैसही नाही.