आईच्या नावाचा सातबारा

बाबांच्या थोरल्या भावाला मी लहानपणी मोठे बाबा म्हणायचो. आता नुसतं ‘तो’ म्हणतो. बाबा गेले त्या वर्षीच त्याने करडी गावातली आमची दीड एकर धानाची जमीन आपल्या शेताला जोडली आणि आईला सांगितलं, ‘तुह्या नवऱ्यानं मले लिहून देल्लं. नाव कटलं तुमचं.’ आईला वाचता येत नव्हतं. मग दर पावसाळ्यात ती त्याच बांधीत, त्याच खाचरात रोजाने रोपं लावायला, रोवणीला जाऊ लागली. स्वतःच्याच जमिनीत मजूर.

सातबारा ऑनलाइन मिळू लागला तेव्हा मी सेतू केंद्रात सहज गट नंबर टाकून पाहिला. आईचं नाव होतं. बाबांच्या जागी वारस म्हणून ते केव्हाच चढलं होतं. मला आनंद झाला नाही. त्याला रडताना बघावंसं वाटलं, आणि तेवढ्यासाठी मी आईच्या नावाने भंडाऱ्याच्या कोर्टात दावा लावला.

त्याने हाताने लिहिलेला जुना उतारा दाखल केला. बाबांच्या नावावर आडवी रेघ, खाली जांभळा शिक्का. माझा कागद पाहून तो कोर्टाच्या पायरीवर हसला. ‘कम्प्युटरचा कागद काहून दाखवून राहिला? ना सही, ना शिक्का.’

मला ते झोंबलं. आमच्याकडे शिक्क्याशिवाय कागदाला कोणी विचारत नाही. मी शहाण्यासारखा गावी गेलो आणि डिजिटल सहीच्या उताऱ्यावर सरपंचाकडून गोल शिक्का मारून आणला. पुढच्या तारखेला त्याच्या वकिलाने खालची ओळ वाचून दाखवली: या कागदाला सहीशिक्क्याची गरज नाही. ‘मग हा शिक्का कशाला? कागदाशी छेडछाड झाली आहे.’ माझ्या वकिलाने कपाळाला हात लावला. ती तारीख माझ्या अकलेपायी वाया गेली.

नंतर नवा कोरा उतारा काढला, त्याला कोणाला बोटही लावू दिलं नाही. वकील म्हणाले, ‘सातबारा म्हणजे मालकीचा शेवटचा शब्द नाही, पण खोटा ठरेपर्यंत तो खराच धरतात.’ कोर्टातल्या बाबूने कागदावरचा पडताळणी क्रमांक सरकारी साइटवर टाकला. पडद्यावर आईचं नाव आलं. तलाठ्याने जुनं रजिस्टर आणलं, त्यात रेघच नव्हती. कोर्टात दाखल केलेल्या आपल्या नकलेवर ती त्याने स्वतः ओढली होती. त्याची मान खाली गेली ती मी डोळे भरून पाहिली.

ताबा मिळाला तेव्हा धान कापणीला आलं होतं. तो शेताच्या कडेला धुऱ्यावर आला.

‘यंदाचं धान मी लावलं. तेवढं नेऊ दे.’

आई म्हणाली, ‘नेऊ दे ना रे. बी त्याचं होतं.’

‘अन् रोवणी कोणाची होती, माय? इतकी वर्सं?’

आईने विळा उचलला आणि बांधीत उतरली. तो धुऱ्यावरून हलला नाही. मी कापणी सोडून तो रडतो का तेच बघत राहिलो. संध्याकाळी आईने जेवायला वाढलं, पण मला भूकच नव्हती.