हलगी शेकताना
परवा मुदखेडला मिरवणुकीआधी पोरं रद्दी पेटवून हलगी शेकत होती. त्या जळक्या कागदाच्या वासानं मी थेट परदेशातल्या त्या महोत्सवात जाऊन पोचलो. आमच्या नांदेडच्या बँडचा देशाबाहेरचा तो पहिलाच कार्यक्रम. तिथल्या गारठ्यानं हलगीचं कातडं सैल पडलेलं. "लई गार पडली, वाजूनच नाही राहिली. कागद पेटव," आमचा हलगीवाला म्हणाला, आणि रंगमंचामागच्या खोलीत मी वर्तमानपत्र पेटवलं, गावाकडं पेटवतो तसंच. धूर लागताच छताला लावलेला आगीचा भोंगा किंचाळला. सगळं सभागृह बाहेर काढलं. गाणं अर्धवट सोडून एक म्हातारी गायिका अनवाणीच ओल्या गवतावर येऊन उभी राहिली. आयोजकांनी कारण विचारलं, तेव्हा तोडक्यामोडक्या इंग्रजीत मी एवढंच म्हणालो, "ड्रमला थंडी वाजत होती." कुणी हसलं असतं तरी बरं वाटलं असतं. ती गायिका तेवढी जवळ आली आणि हलगीच्या कोमट कातड्यावर तिनं आपले गारठलेले हात ठेवले. मला तिच्या पायांकडं बघवेना. अजूनही कुठं हलगी शेकायला घेतली, की कातडं तापायच्या आधी माझेच कान तापतात.