टाकीवरचा वाघ

जळगाव जामोदमध्ये रुखमाबाईला ओळखत नाही असं घर नव्हतं. गावातल्या निम्म्या महालक्ष्म्यांचे मुखवटे तिच्या हातचे. श्रावण लागला की रंग उडालेले जुने मुखवटे टोपल्यांतून तिच्या दारात यायचे. ती ते खरवडायची, खडूचा हात द्यायची, गाल रंगवायची, मुकुटाला बेगड लावायची, आणि सगळ्यात शेवटी डोळे रेखायची. त्यासाठी उजेड भरपूर लागतो, म्हणून ते काम टळटळीत दुपारचं. त्या वेळी तिच्या ओसरीकडे कोणी फिरकत नसे.

त्याला कारण होतं. ती नवी सून असताना एका घरची कनिष्ठा तिनं रंगवली. घरची बाई मुखवटा न्यायला आली, फडकं उचललं आणि बघतच राहिली. "हे तं आमची शालू पाहून राह्यली," ती म्हणाली. शालू तिची लेक, सासरी मेहकराकडे नांदत होती. चौथ्या दिवशी बैलगाडीतून निरोप आला की शालू बाळंतपणात गेली. गेलेला दिवस मोजून पाहिला तर मुखवट्याचे डोळे रेखले त्याच्या आदला.

पुढच्या तीस वर्षांत असं आणखी दोनदा झालं. रुखमाबाईच्या सासूला नवल वाटलं नाही. तिच्याही हाताला ते होतं. "जिता माणूस आपले डोये कोणाले देत नाही," ती म्हणायची. "गेलेलाच देतो. तू मन रिकामं ठेवत जा, बस."

रुखमाबाई मन रिकामं ठेवायला शिकली. पण नीळकंठबद्दल सरकारी कागद आला आणि ते जमेनासं झालं.

नीळकंठ तिचा एकुलता मुलगा. लग्नाला वर्ष झालं नाही तोच पलटणीत मोटार चालवायला गेला, आसामातून ब्रह्मदेशाकडे. कागदात एकच शब्द कामाचा होता: बेपत्ता. पोस्टमास्तरांनी तो दोनदा वाचून दाखवला. त्या साली महालक्ष्म्यांच्या टोपल्या आल्या तेव्हा रुखमाबाईनं त्या दारातूनच परत पाठवल्या. दिसत नाही म्हणाली. पुढच्या सालीही तेच. खरं तर ती सुईत दोरा ओवत होती. हातात कुंचला धरला तर समोर कोण येईल याची तिला भीती होती.

घरात सून होती, कोकिळा. एकोणीस वर्षांची, कमी बोलणारी. रोज सकाळी कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावायची आणि कापूस वेचायला जायची. लढाई संपली, माणसं परत आली, काहींची बोटं नव्हती, एकाला ऐकू येत नव्हतं, पण आली. नीळकंठ आला नाही. कार्तिकात रुखमाबाईचा दीर किसनराव ओसरीवर येऊन बसला.

"वहिनी, दोन वर्षं होऊन राह्यली. पोराले पाणी नाही, पिंड नाही. वाऱ्यावर फिरत असंल तं पाप कोणाले? पयसाच्या पानाचा पुतळा करू, नदीवर नेऊ, मोकळं करू त्याले."

"आन कोकिळाच्या बांगड्या?"

किसनरावानं मान खाली घातली. "मी कसाई नाही, वहिनी. तुमच्या हाताले कयते हे साऱ्या गावाले माहीत हाय. अमावस्येपर्यंत तुम्हीच सांगा. जिता म्हणान तं मी तोंड नाही उघडणार."

आत सुपात ज्वारी पाखडण्याचा आवाज थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला.

त्याच आठवड्यात वडनेर भोलजीचे उत्तमराव बैलगाडीतून फटफटीची टाकी घेऊन आले. शंभर एकरांचे धनी, हौशी माणूस. लष्करानं लिलावात काढलेली फटफटी त्यांनी कामठीहून आणली होती. तिचा मातकट हिरवा रंग घासून काळा दिला होता. टाकीवर लावायला मुंबईहून वाघाच्या तोंडाचे, कागदावरून पत्र्यावर उतरवायचे दोन छाप मागवले होते.

"मावशे, त्या नांदुऱ्याच्या मिस्त्रीनं एक वाघ फाडला," ते म्हणाले. "म्हणे कागद वाईट हाय. म्या म्हटलं, तुयी बोटं रेड्याची हायत, कागदाले काऊन नावं ठेवतं बे? आता एकच राह्यला. बेगड लावणारा हात पाह्यजे याले."

"मले दिसत नाही."

"याच्यात पाहाचं काय हाय? सारं छापेल हाय. डोये, मिशा, दात. तुम्ही फक्त उतरवा."

डोळे छापलेले आहेत, हे ऐकून रुखमाबाईनं टाकी ठेवून घेतली. दोन वर्षं रिकामे राहिलेले हात काम मागत होते.

दुसऱ्या दिवशी तिनं टाकी पुसून जुन्या लुगड्यावर आडवी केली. वार्निसचा पातळ हात दिला आणि थांबली. बोट टेकवलं तर चिकटावं, पण बोटाला काही येऊ नये, एवढं ते वाळावं लागतं. मग छापाचा कागद उपडा ठेवून मधून कडेकडे तळव्यानं दाबत नेला, ओलं फडकं टाकलं. कागद पाणी प्यायला तसा सैल झाला. तिनं एक कोपरा धरला आणि श्वास रोखून तो सरकवला.

खालून कपाळ आलं, पट्टे आले, मिशा, उघडा जबडा. कुठे फाटलं नाही. फक्त डोळ्यांच्या जागी टाकीचा काळा रंग तसाच होता. त्या दोन ठिकाणी पत्र्याला बोटाच्या पेराएवढे पोचे होते. कागद तिथे टेकलाच नव्हता. दोन पिवळे डोळे कागदाबरोबर तिच्या हातात राहिले.

संध्याकाळी कोकिळा शेतातून आली आणि उंबऱ्यातच थांबली. "आत्याबाई, याच्यावर फडकं टाका."

"काऊन?"

"वाट पाहून राह्यल्यावाणी वाटते."

डोळे उतरले नाहीत, असा उत्तमरावांना निरोप गेला. उलट निरोप आला की मावशीला डोळे रेखायला सांगणं म्हणजे सुताराला रंधा दाखवणं झालं. बाजाराच्या दिवशी टाकी न्यायला येतो.

रुखमाबाईनं दोन दिवस फडकं उचललं नाही. तिसऱ्या दिवशी कोकिळा शेतात गेल्यावर, ऊन ओसरीच्या मधोमध आलं तेव्हा, ती बसली. तिनं एक युक्ती केली. छापाचा कागद समोर खिळ्याला टोचला आणि त्यावरच्या पिवळ्या डोळ्यांवर नजर ठेवली. नुसती नक्कल करायची. नक्कल करणाऱ्या हाताला स्वतःचं काही आणायला जागाच राहत नाही.

लेंड्या नाल्याकडून येणारा वारा पडला होता. रस्त्यावर माणूस नव्हतं. उजवा डोळा झाला, वाघाचाच, गोल आणि पिवळा. डावा झाला. तिनं कुंचला खाली ठेवून टाकीकडे पाहिलं.

डावी पापणी अर्धी उतरली होती.

नीळकंठ चार वर्षांचा असताना गाडीच्या जुवाची खुंटी लागून त्याची डावी पापणी तशी झाली होती. कायम नुकतंच झोपेतून उठल्यासारखा दिसायचा. रुखमाबाईनं काडीला कापूस गुंडाळला, घासलेटात बुडवला, डोळा पुसला आणि कागदाकडे बघत पुन्हा रेखला. पापणी पुन्हा उतरली. तिसऱ्यांदा तिनं वरची रेघ मुद्दाम उंच ओढली. रंग ओला होता. तिच्या देखत ती रेघ हळूहळू खाली आली आणि नेमकी तिथेच थांबली.

ती रडली नाही. बराच वेळ टाकीला हात लावून बसली. पत्रा उन्हानं तापला होता, ताप आलेल्या पोराच्या अंगासारखा. मग तिनं फडकं टाकलं, कुंचला धुतला आणि चूल पेटवली.

बाजाराच्या दिवशी उत्तमराव आले. त्यांनी टाकी उजेडात धरली. "वा, मावशे. झोपेतून उठेल वाघ. असा छापातही नव्हता." रुखमाबाईनं घाईनं टाकी लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून दिली. कोकिळा तेव्हा विहिरीवरून घागर घेऊन येत होती. तिनं काही पाहिलं नाही, अशी रुखमाबाईची खात्री होती.

अमावस्येला सकाळीच किसनराव आला. पळसाच्या पानांची पेंढी त्यानं बाहेरच ठेवली होती.

"सांगा, वहिनी."

कोकिळा दाराआड उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज येत नव्हता.

"जिता हाय," रुखमाबाई म्हणाली.

"हातानं सांगतलं?"

"हाव. हातानं."

आयुष्यात त्या हाताच्या नावानं ती पहिल्यांदा खोटं बोलली. किसनरावानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, पायांत वहाणा घातल्या आणि पेंढी उचलून निघून गेला. पानं त्यानं गुरांपुढे टाकली असं नंतर कळलं. गुरांनी ती हुंगली आणि सोडली.

फटफटी पुढच्या बाजाराला गल्लीत आली. लांबूनच आवाज आला आणि पोरं धावली. दारात बांधलेला बैल दावं ताणून मागे सरला. कोकिळा ओसरीवर ज्वारी निवडत होती. फटफटी समोरून जाताना ती उठली, पदर कपाळावर ओढून घेतला आणि एक पाऊल दाराच्या आड सरकली. घरात वडीलधारी माणसं असताना नवरा समोर आला की नवी सून सरकते, तशी. आवाज लांब गेल्यावर पुन्हा येऊन बसली आणि खडे वेचू लागली.

रुखमाबाई चुलीपाशी होती. तिनं सगळं पाहिलं. लेकीसारखी वागवलेली ही पोर सगळं जाणून होती, आणि आपण जाणतो हे सासूला कळू नये म्हणून तीही गप्प होती.

"आत्याबाई," थोड्या वेळानं कोकिळा म्हणाली, "भाकरी करपून राह्यली."

रुखमाबाईनं भाकरी उलटली. दोघी जेवल्या. त्याबद्दल त्या दोघी कधीच बोलल्या नाहीत, ना त्या दिवशी, ना पुढे. दुसऱ्या सकाळी कोकिळा कुंकवाचा करंडा घेऊन बसली. तिचा हात क्षणभर अडला. रुखमाबाईनं भिंतीवरचा आरसा काढला, पदरानं पुसला आणि तिच्या समोर, हात न हलवता, धरून ठेवला.