सिस्टरबाईंचं नाव

औषधाच्या दुकानाच्या पाटीवर लाल रंगाचं अधिकचं चिन्ह दिसलं की सिस्टरबाई आत शिरायच्या आणि मालकाला बाहेर बोलवायच्या. पवनीच्या एका दुकानदाराशी झालेला त्यांचा वाद मी स्वतः ऐकला आहे. त्या म्हणाल्या, "भाऊ, हे चिन्ह तुमच्या दुकानाचं नाही. लढाईत जखमी माणसं उचलतात, त्या लोकाईचं हाय. दुरून पाहून त्याईच्यावर कोणी गोळी झाडू नाही, म्हणून हाय ते." दुकानदार हसून म्हणाला, पवनीत कुठं आली लढाई? बाई हसल्या नाहीत. "सगळ्याईनंच लावलं तं खरं कोणतं, हे कोण ओळखन?" तिसऱ्या खेपेला त्या दुकानदारानं कंटाळून ते चिन्ह हिरव्या रंगानं रंगवून घेतलं. नर्सिंगच्या शिक्षणात कधीतरी एकदा सांगितलेली ही गोष्ट बाकीच्या मुली परीक्षेनंतर विसरल्या असतील. बाई निवृत्त झाल्यावरही विसरल्या नव्हत्या.

त्या आमच्या कोंढ्याच्या. आमचं घर आणि त्यांचं घर यांच्यात एक कुडाची भिंत. आरोग्य उपकेंद्रात त्यांनी तीस वर्षं काढली, लग्न केलं नाही. धाकटा भाऊ सिकलच्या, म्हणजे सिकलसेलच्या, आजारानं गेला होता. आमच्याकडे हा आजार घराघरांत आहे. रक्तच वाकडं, त्यामुळे अंग दुखतं, आणि कधी बाहेरचं रक्त चढवावं लागतं. भावाला वेळेवर रक्त मिळालं नव्हतं. बाई त्याबद्दल बोलत नसत. नोकरीत असतानाच त्यांनी गावोगावच्या रक्तदात्यांची एक वही करायला घेतली होती. गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसित गावातले मासेमार ढिवर, चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीतले मजूर, मास्तर, तलाठी, सगळे त्या वहीत होते, आणि कोणाचा गट कोणता हे त्यांना वही न उघडता सांगता येई. निवृत्तीनंतर त्यांनी वहीचं मंडळ केलं आणि मंडळाला भावाच्या आठवणीतून एक नाव दिलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. तुम्ही ते फोनवर शोधाल आणि भलत्यांच्या दारात जाल.

नावाबद्दल त्या फार कडक होत्या. निवडणुकीच्या काळात एका पुढाऱ्यानं रक्तदान शिबिराचा मंडप, जेवण, सगळं द्यायची तयारी दाखवली. फक्त मंडळाच्या नावाखाली त्याचं नाव हवं होतं. बाईंनी चिंचेखाली शिबिर घेतलं. एका रुग्णवाहिकेवाल्यानं आपणहून गाडीवर मंडळाचं नाव लिहून आणलं, तर त्याला चहा पाजला आणि तिथल्या तिथे ते खरवडायला लावलं. मला तेव्हा ही हटवादी म्हातारी वाटायची. त्या म्हणायच्या, "अर्ध्या वाटेवरचा माणूस नाव पाहूनच थांबते, बाबू. त्याले तपासाले वेळ नसते."

मी तेव्हा भंडाऱ्याला तंत्रनिकेतनात शिकत होतो. मंडळाची वेबसाइट काढायची कल्पना माझीच. बाईंचा ओट्यावर बसलेला फोटो, खाली त्यांचा नंबर, वर मंडळाचं नाव, तेवढंच. इंटरनेटवरचं नाव मी माझ्या ईमेलवरून नोंदवलं. बाईंनी विचारलं, हे आता कायमचं आपलं झालं काय? मी सांगितलं की वर्षभरासाठी झालं, दरवर्षी पुन्हा नोंदवावं लागतं.

"म्हणजे नाव भाड्यानं घेऊन राहिला तू," त्या म्हणाल्या. "अन् विसरला तं?"

मी म्हणालो, मी आहे ना.

तीन वर्षं मी विसरलो नाही. मग पुण्यात नोकरी लागली. नवा फोन, नवा ईमेल, नव्या ओळखी. जुन्या ईमेलमध्ये काय येऊन पडतं आहे, हे मी महिनोन्‌महिने पाहिलं नाही. मुदत संपली आणि नाव मोकळं झालं. ते कोणीतरी उचललं. कोणी, हे आजही माहीत नाही. त्यानं पान जसंच्या तसं उभं केलं. तोच ओटा, त्याच बाई. फक्त खालचा नंबर त्याचा होता. फोन करणाऱ्याला तो गोड आवाजात दाता निघाल्याचं सांगे, गाडीभाडं मागून घेई, आणि मग कोणीच येत नसे.

चिखल्याच्या खाणीत काम करणाऱ्या एका माणसाची अठरा वर्षांची मुलगी सिकलची रुग्ण होती. तिचा रक्तगट दुर्मीळ. बाईंनी तिला आधी दोनदा रक्त मिळवून दिलं होतं. तिसऱ्या वेळी तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात भरती केलं, तेव्हा बापाचा फोन बदललेला होता आणि बाईंचा नंबर जुन्या फोनबरोबर गेला होता. त्यानं मंडळाचं नाव शोधलं आणि दिसलेल्या नंबरवर फोन लावला. दाता पवनीहून निघाला, असं त्याला सकाळी सांगितलं. दुपारी सांगितलं की गाडी बिघडली, दुसरी केली आहे. तो फाटकाशी उभा राहिला. दुसरीकडे कुठे विचारलं नाही. संध्याकाळी तो नंबर बंद झाला, आणि मग सुरू केलेली धावपळ मुलीला वाचवायला पुरली नाही.

पंधरा दिवसांनी तो कोंढ्याला आला. भांडायला आला नव्हता. बाईंच्या ओट्यावर बसला, फोन पुढे केला आणि म्हणाला, "बाई, तुमचा फोटो होता म्हणून थांबलो आम्ही."

बाईंनी मला फोन केला. मी दुसऱ्या दिवशी आलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, हे कसं झालं? मी म्हणालो की नाव नोंदवणाऱ्या कंपनीची काहीतरी गडबड आहे. पोलीस ठाण्यात गेलो, तर तिथल्या साहेबानं विचारलं की नाव तुमचं होतं याचा कागद कुठे आहे? नोंद माझ्या नावावर, आणि तीही संपलेली. मी नोंदणी करणाऱ्या कंपनीला लिहिलं. चार दिवसांनी इंग्रजीत उत्तर आलं. ते मी छापून बाईंसमोर मराठीत वाचलं: नाव मोकळं होतं, नियमानं विकलं, तक्रार असल्यास परदेशी लवादाकडे जावं, फी भरावी. जगातल्या मोठ्या मदतसंस्थांची नावं एका यादीत घालून कुलूपबंद केलेली असतात, ती कोणाला विकतच नाहीत, हेही मी माझ्या माहितीतून सांगितलं.

"आपलं नाव नाही काय त्या यादीत?"

मी सांगितलं, आपण फार लहान आहोत.

"लहानाचं नाव चोरलं तं चोरी होत नाही काय?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, चष्मा लावला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे तू वाचलं नाही."

मुदत संपण्यापूर्वी आणि नंतर नोंदणीधारकाला वारंवार स्मरणपत्रं पाठवली होती, असं त्या ओळीत होतं.

"मी इंग्रजी बाटल्या वाचून नोकरी केली, बाबू. रिमाइंडर मले समजते." आवाज चढला नाही. "चिखल्याले जा. त्या बापाले तुह्या तोंडानं सांग."

मी जातो म्हणालो. रजा नव्हती, हे खरं होतं. पुढच्या खेपेला रजा होती, तेव्हा मी गेलो नाही.

बाई मात्र गेल्या. मग गावोगाव फिरल्या. ते नाव दिसलं तर फोन करू नका, असं स्वतःच्याच मंडळाविरुद्ध सांगत. लोकांनी अर्धवट ऐकलं. म्हातारीनंच कोणाशी तरी संगनमत केलं असेल, असंही काही जण बोलले. रक्तदाते गळाले. शेवटी त्यांनी पंचायतीच्या भिंतीवरचं मंडळाचं नाव चुना लावून पुसून टाकलं. त्यानंतर मी सुटीत आलो की त्या जेवलास काय, असं विचारत. चिखल्याचं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, मी आलो होतो. बुद्धवंदना झाल्यावर जेवणाच्या पंगतीत माझ्याशेजारी एक माणूस येऊन बसला. मँगनीजनं काळवंडलेली नखं. तो आपणहून बोलू लागला. बाई त्याच्या घरी आल्या होत्या, म्हणाला. दिवसभर दारात बसल्या, आणि चूक माझी आहे, मीच लक्ष ठेवलं नाही, असं म्हणाल्या. त्याला ते कधी पटलं नव्हतं. "बाईची चूक नसन," तो म्हणाला. "कोणाची तरी हाय, पण बाईची नसन."

मी भात कालवत राहिलो. वाढपी पुढे गेल्यावर त्यानं विचारलं, "तुमी कोण बाईचे?"

"शेजारी," मी म्हणालो.