थोरलीची सोबतीण

मी बढाई मारते असं माझ्या मुलांना वाटतं. वाटू दे. ज्या बाईने एका म्हाताऱ्या गिनीपिगसाठी जळगावाहून धुळ्याला जाऊन स्थळ शोधून आणलं आणि ते जमवूनही दाखवलं, तिने थोडी मान ताठ ठेवली तर कुणाचं काय जातं?

गिनीपिग म्हणजे बिनशेपटीचा, गुबगुबीत, सशाच्या पिल्लाएवढा प्राणी. माझे यजमान धुळ्याच्या एका दवाखान्यात रक्त आणि थुंकी तपासायच्या खोलीत कामाला होते. क्षय आहे की नाही याची शंका फिटली नाही, तर त्या काळी रोग्याची थुंकी गिनीपिगला टोचून बघत. त्यासाठी दवाखान्यात ते पाळलेले असायचे. पिल्लं घालून थकलेल्या दोन माद्या कुणाच्याच उपयोगाच्या राहिल्या नव्हत्या, म्हणून यजमानांनी त्या मागून गावच्या घरी आणल्या. पुढे त्यांची बदली झाली, तेव्हा भांडीकुंडी, अंथरुणं, माझ्या सासूबाई आणि चहाच्या रिकाम्या खोक्यातले दोन गिनीपिग असा आमचा संसार जळगावात येऊन पडला.

सासूबाईंना आम्ही सगळेच अक्का म्हणायचो. साक्रीकडच्या खेड्यात जन्म गेलेली बाई, शेतातलं सगळं काम येणारी, आणि जिभेला धार. गिनीपिग प्रथम पाहिले तेव्हा त्यांना ते पाळलेले उंदीरच वाटले, आणि त्यांनी पदर नाकाला लावला होता.

"ओ माय! घरमा कोनी उंदरं पायस का?"

पण जळगावात अक्का एकट्या पडल्या. तिथल्या शेजारणींची बोली निराळी. अक्कांनी 'आहे'ला 'शे' म्हटलं की त्या एकमेकींकडे बघून हसायच्या. अक्कांनी दोन-चार वेळा ऐकून घेतलं आणि मग ओट्यावर बसणंच सोडलं. मग बोलायचं कुणाशी? मी कामात, त्यांचा मुलगा दवाखान्यात. राहिल्या खोक्यातल्या दोघी. त्यांना नाकं मुरडणारी बाई रोज सकाळी पिंप्राळ्याच्या वाटेने जाऊन त्यांच्यासाठी हरळी कापून आणू लागली. दारात पाऊल पडायचा अवकाश, दोघी अशी शीळ घालायच्या की शेजारची पोरं दचकायची. "थांब वं माय, देस ना तुले," असं म्हणत अक्का त्यांच्याशी घटकाभर बोलत बसायच्या. गावच्या विहिरीचं पाणी, लेकींची पोरं, कोणाची म्हैस आटली, सगळं त्या दोघींना ठाऊक होतं.

नावं आम्ही ठेवली नव्हती. वयाने मोठी ती थोरली, दुसरी धाकटी. त्या वर्षी थंडी पडायला लागली आणि धाकटी गेली. आजारी दिसली नाही, काही नाही. सकाळी हरळी आणली तर एकाच गळ्यातून शीळ आली.

दुसऱ्या दिवशी तीही आली नाही. थोरली खोक्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. हरळी नको, गाजर नको, कोथिंबिरीचा वास तिला फार आवडायचा, तीही नको. अक्का तिला मांडीवर घेऊन एकेक काडी तोंडाशी धरायच्या. काडी तशीच गळून पडायची. यजमान म्हणाले, "या प्राण्याला एकटं राहवत नाही. न खाऊन मरते बघ ही." आईसमोर हे बोलायची काही गरज नव्हती, पण पुरुषांना कुठे काय बोलावं याचा पोच कमीच.

"तिले कोनी तरी जोडे पाहिजे," अक्का म्हणाल्या. जोडे म्हणजे जवळ, सोबतीला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, पण सांगणं मलाच होतं.

आता जळगावच्या बाजारात केळी मागा, कापूस मागा, बैलजोडी मागा. गिनीपिग कोण देणार? धुळ्याच्या दवाखान्यातच मिळाला तर मिळणार. यजमानांना म्हटलं, तर त्यांना लाज वाटली. साहेबांपुढे जाऊन असलं काही मागणार नाही म्हणाले. मी म्हटलं, नका मागू. माझं माहेर धुळ्यात आहे, मला आईला भेटायला जायला कुणाची परवानगी लागत नाही. झाकणाची टोपली घेतली, तळाशी गवत घातलं आणि एसटीत बसले.

दवाखान्याचे मोठे डॉक्टर वयस्कर होते. मी काय मागते आहे हे कळल्यावर आधी त्यांनी चष्मा काढला, मग मोठ्याने हसले. "म्हणजे बाई, गिनीपिगसाठी स्थळ बघायला आलात?"

मी म्हटलं, "हो. पत्रिका नको. दात आणि डोळे बघते."

"मग नर न्या. जोडी लागेल."

"नको. तिचं वय झालंय. तिला संसार नको आहे, सोबत हवी आहे."

डॉक्टर हसायचे थांबले. त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. पिंजऱ्यांच्या रांगेत एका टोकाला एक बारकी मादी होती. बाकीच्या खात होत्या आणि ही मागे ढकलली गेली होती. "हिचं वजन भरत नाही, म्हणून अजून टोचलेली नाही," ते म्हणाले. "घेऊन जा. मात्र नाही पटलं तर परत आणा. तोवर वजनही भरलं असेल."

ते सहज बोलले. मनाने वाईट नव्हते. त्या सुईवर किती माणसांचा निवाडा व्हायचा हे मलाही ठाऊक होतं. पण ती बारकी मादी माझ्या हातात आली, तिचं काळीज माझ्या बोटांखाली उडत होतं, आणि मी मनात म्हटलं, ही आता परत येणार नाही.

परतीच्या एसटीत टोपलीने शीळ घातली. कंडक्टर म्हणाला, कोंबडी असेल तर टोपली टपावर. मी झाकण उघडून दाखवलं. पारोळ्याला चढलेला एक शेतकरी वाकून बघून म्हणाला, "हाई काय शे, माय? शेपटीच नही हिले!" तिथून एरंडोलपर्यंत सगळ्या गाडीत तेवढाच विषय. एका म्हातारीने आपल्या पिशवीतलं गाजर मोडून दिलं आणि आमच्या बारकीने ते गाडीच्या धक्क्यात बसून सगळ्यांसमोर खाल्लं. मला फार बरं वाटलं. माझ्याच लेकीला कुणी चांगली म्हटल्यासारखं वाटलं.

अक्का दारातच उभ्या होत्या. हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. नवी सून दारात आली की करतात तसं त्यांनी टोपलीवरून तुकडा ओवाळून टाकला, पाणी फिरवलं आणि तिला उचलून थेट थोरलीच्या खोक्यात नेऊन ठेवलं. "ये माय, ये. तुन्हं घर शे हाई."

थोरलीला ते मान्य नव्हतं. इतके दिवस भिंतीकडे तोंड करून बसलेली ती म्हातारी एकदम वळली. अंगावरचे केस फुगले, दात कडाकडा वाजायला लागले, आणि ती नवीच्या अंगावर गेली. नवी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळत होती, पण खोक्यात पळणार कुठे? मी हात घालून तिला बाहेर काढलं तेव्हा तिच्या कानाला चावा बसून रक्त येत होतं.

संध्याकाळी पुन्हा ठेवून पाहिलं, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. नवी टोपलीत थरथरत होती, थोरली दमून पडली होती आणि खाणं अजूनही नव्हतंच. यजमान म्हणाले, "मी आधीच म्हणत होतो." ते आधी काहीही म्हणत नव्हते. अक्कांचा चेहरा उतरला होता. थोरलीच्या पाठीचं हाड आता हाताला लागत होतं.

"धाडी दे तिले परत," त्या म्हणाल्या. "हिन्हा जीव जाई असानी."

परत म्हणजे कुठे ते मी पाहिलं होतं. मी खोक्याजवळ बसून राहिले. खोका बघितला. त्यात थोरलीचं गवत, थोरलीचा वास, थोरलीने कुरतडलेली कड. नवीने कुठेही पाय ठेवला तरी तो थोरलीच्याच जागेवर पडणार. आणि मला एकदम आमचं गावचं घर डोळ्यांसमोर आलं.

लग्न होऊन मी त्या घरात गेले, तेव्हा अक्का वाईट वागल्या असं मी कधीच म्हणणार नाही. पण चूल त्यांची होती. मिठाचं गाडगं मी उजवीकडे ठेवलं की थोड्या वेळाने ते डावीकडे गेलेलं असायचं. मी भाजलेली भाकरी त्या पुन्हा एकदा तव्यावर फिरवायच्या. मी घासलेला तांब्या पुन्हा घासला जायचा. बोलणं कमी, भांड्यांचे आवाज जास्त. घरोघरी मातीच्या चुली, म्हणून मीही गप्प होते. आणि जळगावला आलो, भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या, तर पहिल्याच दिवशी धूर कुठून बाहेर जातो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. दोघी खोकत होतो, डोळे पुसत होतो, चूल या भिंतीकडून त्या भिंतीकडे नेत होतो. त्या दिवसापासून आमचं बरं चाललं होतं. का, याचा मी विचार केला नव्हता. आता खोक्यापुढे बसून केला.

हे सांगायला धाडस लागत होतं. सासूला असं तोंडावर सांगायची रीत नव्हती. पण नवीच्या कानावरचं रक्त सुकलं होतं आणि थोरली डोळे मिटून पडली होती.

मी म्हटलं, "अक्का, आपण तिला थोरलीच्या घरात नेऊन टाकलं, तिथंच चुकलं."

"मंग कोठे ठेवनी व्हती?"

"मला तुम्ही कुठे ठेवलं होतं? गावी, तुमच्या चुलीपाशी. तिथे तुमचं-माझं एक दिवस तरी धड पटलं का? ही जागा तुमचीही नव्हती आणि माझीही नव्हती, म्हणून इथे पटलं."

अक्का सुपातली डाळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता सूप बाजूला पडणार आणि आमची गाडी पुन्हा गावच्या घरावर जाणार. पण त्यांनी डाळीतला एक खडा वेचून टाकला. मग सूप खाली ठेवून उठल्या.

"मंग धाबावर लई चाल दोन्हीस्ले."

आमच्या घराला मातीचं धाबं, म्हणजे सपाट छत होतं. पापड वाळवायला आम्ही जायचो, गिनीपिग कधीच वर गेले नव्हते. सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं. मी धुतलेली गोधडी पसरली, टांगेवाल्याकडून आणलेला हिरवा लसूणघास मधोमध ठेवला. अक्कांनी एका टोकाला थोरलीला सोडलं, दुसऱ्या टोकाला मी नवीला. वेळ आली तर मध्ये घालायला पाटी हाताशी होती.

थोरलीने मान वर केली. इकडे हुंगलं, तिकडे हुंगलं. ओळखीचं काहीच नव्हतं. तिच्या डोक्यावर पहिल्यांदाच एवढं मोठं आभाळ होतं, आणि ती घाबरली. दोघी सारख्याच घाबरल्या. नवी गोधडीच्या कडेकडेने सरकत आली. थोरलीचे दात एकदा वाजले. माझा हात पाटीकडे गेला, पण अक्कांनी तो धरून ठेवला. नवी थोडी मागे सरकली, पण पळाली नाही. मग लसूणघासाची एक काडी ओढून ती खायला लागली. थोरली बघत राहिली. बघता बघता तिने त्याच काडीचं दुसरं टोक तोंडात धरलं.

आणि खाल्लं. अक्कांनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. त्या रडत होत्या. मीही रडत होते, आणि मनात म्हणत होते, हे मी केलं, मी.

दोघींना आम्ही त्या जुन्या खोक्यात परत नेलं नाही. यजमानांना बाजारातून नवा खोका आणायला लावला, तो कुरकुर न करता आणला हे त्यांच्या नावावर लिहायला हवं. त्यात दोघींना एकदमच सोडलं. शीळ पुन्हा दोन गळ्यांतून यायला लागली. शेजारीण बघायला आली आणि विचारू लागली, की हे जमलं कसं. अक्का ओट्यावर जाऊन बसल्या आणि आपल्याच बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मन्ही सूननी जमाडं." त्या दिवशी 'मन्ही' ऐकून कुणी हसलं नाही. हसलं असतं तर मी बघून घेतलं असतं.

पुढे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आम्ही गावी जाणार होतो. अक्कांच्या लेकी माहेरी येणार, घर भरणार, आणि मला त्या चुलीची आठवण येऊन आतल्या आत धास्ती बसली होती. एका सकाळी अक्का खोक्याजवळ बसून हरळी निवडत होत्या. मी शेजारी पीठ चाळत होते. त्या वर न बघता म्हणाल्या,

"गावले गया का चूल तू मांड. जठे तुले पाहिजे तठे. मी जोडे बसी भाजी निवडसू."