दुधाबरोबर घेतलेली गोळी

सोलापुरात एप्रिल महिन्यात "पंखा बंद करा" म्हणणारा माणूस एक तर वेडा असतो किंवा आजारी. मी आजारी होतो, पण आमच्या शिक्षकदालनात बहुमत वेडेपणाच्या बाजूनं होतं. बाहेर डांबर मऊ झालेलं, टेबलाला हात लावला तर चटका बसावा अशी दुपार, आणि मी कोपऱ्यात ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढून बसलेला. गणिताच्या बाई रजिस्टरनं वारा घेत माझ्याकडे बघायच्या आणि मान हलवायच्या. मला खरोखर थंडी वाजत होती, हे कुणाला सांगून पटण्यासारखं नव्हतं.

मी शाळेत खेळाचा मास्तर. वय बावन्न. मुलींचा खो-खोचा संघ बावीस वर्षं माझ्याकडे आहे. स्वतः नातेपुत्याला शाळेच्या मैदानावर खेळत वाढलो, जिल्ह्याच्या संघातून पळालो, आणि पळण्यावरच पुढं नोकरी मिळाली. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. अक्षर वाईट, इंग्रजी त्याहून वाईट. पण एका खांबापाशी उभा राहून हाक मारली की दुसऱ्या खांबापाशी बसलेली मुलगी दचकायची, असा आवाज होता आणि पाय होते.

दीड वर्षापूर्वी दोन्ही गेले. आवाज घोगरा झाला आणि पाय जड. रक्त तपासलं तेव्हा कळलं की गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी मंदावली आहे. ती मंदावली की रक्तातला टीएसएच नावाचा आकडा वाढतो, असलं उलटं गणित. डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी लिहून दिली, ती आयुष्यभराची. शिक्षकदालनात बातमी पोचायला एक मधली सुट्टी पुरली. "सर, हा तर बायकांचा आजार," असं एकानं सांत्वनाच्या सुरात सांगितलं. त्याला मी जे उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही.

हा थकवा कसा असतो ते ज्याला नाही त्याला समजत नाही. मैदानाच्या वीस फेऱ्या मारल्यावरचा थकवा मला माहीत होता. तो गोड असतो, भूक लावतो. हा थकवा झोपेतून उठतानाच अंगात हजर असायचा, जणू रात्रभर कुणी माझ्याकडून पोती उचलून घेतली होती. दोन जिने चढायला मी कठड्याला धरायचो आणि मागून मुली आल्या की बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं खाली बसायचो. एकदा आठवीच्या ऑफ तासाला फळ्याकडे तोंड करून उभ्याउभ्या डुलकी लागली. मुलींना वाटलं, सर काहीतरी आठवतायत. त्या बिचाऱ्या शांत बसल्या.

मग एप्रिलच्या मध्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. बाई चांगल्या आहेत, म्हणून तर जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "सर, जूनपासून मैदान नव्या सरांकडे देऊया का? तुम्ही ग्रंथालय बघा. सावलीत बसून करायचं काम आहे. घाई नाही, शाळा उघडेपर्यंत सांगा."

मी "विचार करतो" म्हणालो आणि सायकल स्टँडच्या मागं जाऊन रडलो. हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. ग्रंथालयाचा राग नव्हता. पण मैदान गेलं की मी कोण, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

खेळाडूचं अंग पडलं की तो काय करतो? खुराक वाढवतो. नातेपुत्याला आमचे जे गुरुजी होते त्यांनी आम्हाला हेच शिकवलेलं. मी तो नियम कधी मोडला नव्हता. पहाटे उठल्याबरोबर भिजवलेले हरभरे, मूठभर शेंगदाणे, चार बदाम आणि वर तांब्याभर म्हशीचं दूध. त्या दुधात सोयाबीन भाजून दळलेलं पीठ दोन चमचे. आजार कळल्यावर मी चमचे तीन केले. बाईंच्या बोलावण्यानंतर चार केले. शिवाय हाडांना बरी म्हणून कॅल्शियमची गोळीही सुरू केली, ती माझ्याच डोक्यानं.

आणि थायरॉईडची गोळी? ती त्याच दुधाबरोबर. डॉक्टरांनी "रिकाम्या पोटी घ्या" म्हणून सांगितलं होतं. मी नीट ऐकलं होतं, मान डोलावली होती. पण आमच्याकडे रिकाम्या पोटी गोळी घेतात कुठं? तापाची असो, अंगदुखीची असो, आधी पोटात काहीतरी टाक आणि मगच गोळी घे, हे लहानपणापासून ऐकत आलो. बायको मंगळवेढ्याची, तिच्या माहेरीही तोच कायदा. पहिल्याच दिवशी मी नुसत्या पाण्याचा पेला उचलला तर तिनं हात धरला. "अवो, रिकाम्या पोटी गोळी घेतल्यावर पित्त हुतंय. दुधाबरुबर घ्या की." मला ते लगेच पटलं. डॉक्टरांनी सगळ्यांना सांगायचं म्हणून सांगितलं असणार, खेळाडूची गोष्ट वेगळी, असं मी स्वतःला समजावलं. दीड वर्षात डॉक्टरांनी दोनदा गोळी वाढवली. मी दूध वाढवलं. आकडा काही खाली येईना.

एप्रिल संपता संपता मी परत दवाखान्यात गेलो. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आता त्यांची सून बसायला लागली होती. माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. मनात म्हटलं, ही काय सांगणार मला. तिनं फाईल उलटसुलट चाळली, सगळे रिपोर्ट ओळीनं मांडले आणि विचारलं, "सर, गोळी रोज घेता?"

"एक दिवस चुकलेली नाही."

"मग सकाळी उठल्यापासून काय काय करता, ते एकेक करून सांगा."

मी सांगितलं. आणि काय अभिमानानं सांगितलं! हरभरे, दाणे, बदाम, दूध, सोयाबीनचं पीठ, कॅल्शियम. वर "या वयातही खुराक सोडलेला नाही" असंही ऐकवलं. तिनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, कौतुक करणार.

"सर," ती म्हणाली, "दूध, सोयाबीन, कॅल्शियम ही तिन्ही या गोळीला अंगात शिरू देत नाहीत. तुम्ही रोज गोळी घेता आणि रोज तिची वाट अडवता. आणि जितकं थकता तितका खुराक वाढवता."

दीड वर्ष मी माझ्याच विरुद्ध खेळत होतो, आणि जिंकत होतो.

तिनं मग कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. उठल्याबरोबर गोळी, फक्त पाण्याबरोबर. पुढं तासभर काही नाही, चहासुद्धा नाही. दूध आणि सोयाबीन संध्याकाळी. कॅल्शियम तूर्त बंद. आता गोळी नीट लागू पडेल म्हणून सासऱ्यांनी वाढवलेली मात्राही तिनं पुन्हा कमी केली आणि सहा आठवड्यांनी रक्त तपासायला सांगितलं. मी मनात हिशोब केला. सहा आठवडे म्हणजे शाळा उघडायच्या आसपास.

घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती स्वयंपाकघरात मटकन खाली बसली. "म्हंजी मीच तुमाला आजारी ठिवलं व्हय?"

"तांब्या मी उचलत होतो," मी म्हणालो, "तू नाही." तरी तिनं दोन दिवस धड जेवण केलं नाही. तिसऱ्या दिवशीपासून मात्र तिनं असा पहारा सुरू केला की विचारू नका. सकाळच्या त्या तासात मी ओट्याकडे नुसता वळलो तरी "कुटं चालला?" अशी हाक यायची. ती स्वतःही माझा तास संपेपर्यंत चहा घेत नसे. ती आयुष्यभर चहाशिवाय डोळे न उघडणारी बाई आहे. त्या काळात तिच्याशी सकाळी बोलायची माझी छाती नव्हती.

पहिले दोन आठवडे काहीही झालं नाही. उलट सकाळचा खुराक सुटला म्हणून मला अजूनच गळून गेल्यासारखं वाटे. सकाळी साडेपाचला उन्हाळी शिबिर असायचं, कारण त्यानंतर सोलापूरचं ऊन कुणाला उभं राहू देत नाही. मी लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचो आणि हातवारे करून शिकवायचो. याआधी मी कधी बसून शिकवलं नव्हतं. दुपारी वीस मिनिटं झोपायचं, एका दिवसात दोन मोठी कामं काढायची नाहीत, हेही दवाखान्यातच सांगितलेलं. तेही मी पाळत होतो, चरफडत. शेवटी न राहवून डॉक्टरबाईंना फोन लावला आणि जरा चढ्या आवाजात म्हणालो की तुमच्या गोळीचा काही उपयोग नाही.

"सर, तुम्ही मुलींना पंधरा दिवसांत स्पर्धेला उतरवता का?"

"नाही."

"मग?" तिनं विचारलं आणि फोन ठेवला. मला ती आवडायला लागली.

फरक कधी पडला तो दिवस मला सांगता येत नाही. मेच्या शेवटी एका दुपारी वीज गेली आणि मी लाइटवाल्यांच्या नावानं तोंड सोडलं. घामानं जीव जातोय, पंखा नाही, माणसानं जगायचं कसं वगैरे. बायको दारात उभी राहून हसत होती. "काय झालं?" मी खेकसलो. "तुमाला उकडाय लागलंय," ती म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

त्यानंतर गोष्टी भराभर सुटत गेल्या. शिबिराचं सामान आणायला शाळेचा जिना चढून गेलो आणि वर पोचल्यावर आठवलं की कठड्याला हात लावला नव्हता. आवाज मोकळा झाला. खुर्ची लिंबाखालीच राहिली आणि मी तिच्यापासून लांब उभा राहू लागलो. जूनमध्ये रिपोर्ट आला. आकडा मर्यादेत. मी तो कागद दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून तीनदा वाचला. बारावीचा निकालही मी इतका आनंदानं वाचला नव्हता.

तरी बाईंना उत्तर द्यायचं राहिलं होतं. रिपोर्ट पळत नाही, पळायचं मला होतं. शाळा उघडली त्या सकाळी मी मैदानावर मुलींना सांगितलं, "बसा. मी पळतो. बाद करा." आठ जणी रांगेत बसल्या आणि नववी, संघाची कर्णधार, पाठलागाला उभी राहिली. घड्याळ एका मुलीच्या हातात दिलं.

खो-खोत पाठलाग करणारीला मधली रेघ ओलांडता येत नाही, पळणाऱ्याला येते. सगळी गंमत यातच. मी रांगेतून वळणं घेत सुटलो. पहिल्या काही पावलांत भीती होती, मग ती गेली. मागून "खो, खो" ऐकू येत होतं, एकीची जागा दुसरी घेत होती आणि माझे पाय मी न सांगता वळत होते. छाती भात्यासारखी चालत होती. पण तो थकवा ओळखीचा होता, गोड होता. एका खांबाला वळसा घालून मी बाहेर निघालो आणि कर्णधारानं खांब धरून लांब सूर मारला. तिच्या बोटांची टोकं माझ्या पोटरीला लागली. बाद.

"एक मिनिट दहा सेकंद," घड्याळवाली ओरडली.

माझं तोंड उतरलं. मागच्या वर्षी, अगदी पडत्या काळातसुद्धा, मी मधूनमधून असा उतरायचो आणि दोन मिनिटांच्या खाली कधी बाद झालो नव्हतो. औषधपाणी, पथ्य, सहा आठवडे, आणि निम्म्यावर आलो? मी तसं बोलूनही दाखवलं.

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी कर्णधार गुडघ्याची माती झटकत म्हणाली, "सर, रागावू नका. मागल्या वर्षी आमी तुमाला सोडत हुतो. सगळ्यांनी ठरवून. तुमी लई दमायचा म्हणून." मग तिनं मान वर केली. "आज न्हाय सोडलं. आज खरंच धरायला लागलं."

वर्षभर मी मैदानावर जे उरलंय म्हणून छातीशी धरून बसलो होतो, ते या पोरींनी दिलेलं दान होतं. आणि आजचे सत्तर सेकंद माझे होते, माझ्या पायांचे. मी तसाच घामानं निथळत मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेलो. त्यांनी माझ्या शर्टाकडे बघितलं आणि समोरची खुर्ची जरा मागं सरकवायला लावली. "बाई, ग्रंथालय दुसऱ्या कुणाला द्या," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "खिडकीतून बघत होते मी."

परत मैदानावर आलो तेव्हा मुली अजून घाबरून उभ्या होत्या. म्हटलं, "गुरूला सोडता काय? सगळ्यांनी पाच फेऱ्या." त्या कुरकुरत निघाल्या. मीही निघालो त्यांच्यामागून. सगळ्यांत शेवटी पोचलो, पण पाचही पुऱ्या केल्या.