तलावाच्या पारीवरचा हातोडा

कुणाच्या अंगात आलं, कुणाला झाडाखाली काही दिसलं असं ऐकलं की मी पदर तोंडाला लावून हसत असे. मोठ्याने हसायची हिंमत नव्हती, आणि विश्वास तर मुळीच नव्हता. आजही भुताखेतांवर नाही. तरी माझ्या बाबतीत एक गोष्ट घडली आणि ती भर दुपारी, पूर्ण शुद्धीत असताना घडली. मी चौथीपर्यंत शिकले आहे. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, म्हणून सगळे बाहेर गेल्यावर वहीत लिहिते आहे. पुतणी म्हणाली, तुमच्या पानावर असे अनुभव छापतात. छापलं तर गावाचं नाव देऊ नका, एवढंच.

ब्रह्मपुरीहून जीपने निघालं, वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथून थोडं आत आमचं गाव. मागे जंगल, पुढे धानाच्या बांध्या आणि मध्ये मालगुजारांच्या काळातला मोठा तलाव. आम्ही ढिवर. या तलावातले मासे हीच आमची शेती म्हणा ना.

दोन हजार दोनच्या आसपासचा मे महिना होता. शाळेला सुटी होती म्हणून शाळेच्या खोलीत पुण्याच्या एक मॅडम राहायला आल्या होत्या. नीलिमा मॅडम. सोबत जीप आणि ड्रायव्हर रमेशभाऊ. मॅडमचं काम दगडांचं. आमच्या ह्यांनी परस्पर ठरवलं की दोघांचा स्वयंपाक मी करायचा. मी डबा ठेवायची आणि न बोलता परत यायची. पहिले चार दिवस मॅडमना मी मुकी वाटले होते, हे त्यांनी नंतर हसत सांगितलं.

त्या दिवसभर दगड फोडायच्या. वरची तपकिरी साल हातोडीने उडवायच्या, आतला काळा ताजा तुकडा भिंगातून बघायच्या, नंबर टाकून पिशवीत भरायच्या. एकदा मी धीर करून विचारलं, “सालीत काय खराबी आहे?”

“साल पावसापाण्याने बदललेली असते,” त्या म्हणाल्या. “मला दगड जन्मला तेव्हा कसा होता ते बघायचंय.”

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. हा काळा दगड म्हणजे कधीकाळी जमिनीच्या पोटातून वर आलेला रस. तो नेमका किती खोलातून आला, तिथे काय वितळून तयार झाला, याचा शोध त्या घेत होत्या. चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणी आपल्याला खोल वाटतात, पण त्या रसाच्या हिशेबाने ते नुसतं वरचं सालपट. “शेवंताबाई, खीर ढवळताना पातेल्याच्या बुडाची खरवड वर येते ना? तसा हा रस जोरात वर येताना कधी कधी तळाचा तुकडा सोबत घेऊन येतो. हिरवा असतो तो. तो सापडला की तळ कसा आहे ते कळतं.”

त्यांचे सर तीस वर्षांपूर्वी दुष्काळाच्या साली या भागात फिरले होते. त्यांना तसा मूठभर दगड सापडला होता. पण जागा पुन्हा दाखवता आली नाही. मोठमोठे लोक म्हणाले, हा दगड तुम्ही परदेशातून आणला आणि इथला म्हणून सांगता. सर तो डाग घेऊनच वारले. मॅडमकडे त्यांची वही होती. तीन उन्हाळे त्या जागा शोधत होत्या. हा शेवटचा. पाऊस पडला की तलाव भरणार, रस्ते जाणार, आणि पुढच्या साली या कामाला मंजुरी नव्हती.

“सरांनी खोटं सांगितलं असं मी मानूच शकत नाही,” त्या म्हणाल्या. वरण थंड झालं तरी जेवल्या नाहीत.

त्याच दिवशी पहिल्यांदा मला तो आवाज आला.

दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. तलाव आटून मध्यभागी गेला होता. मी घमेलं घासायला खाली उतरले तर… टिंग… टिंग… टिंग. हातोडी दगडावर पडल्याचा आवाज, मागून, बांधाच्या पायथ्याकडून. मला वाटलं मॅडम आल्या. वळून बघितलं, कोणी नाही. शाळेत आले तर मॅडम ओला रुमाल डोक्यावर घेऊन पडल्या होत्या, हातोडी उशाशी. रमेशभाऊ घोरत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीच वेळ, तीच जागा. जवळ गेलं की आवाज थांबे. घरी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “ऊन लागलं तुले. कांदा बांध डोक्याले.” मी खरंच कांदा बांधला!

तिसऱ्या दिवशी डबा ठेवायला गेले तर सरांची वही उघडी पडली होती. मी वाचत नव्हते, पण अक्षर ठळक होतं, नजर गेलीच. आमच्याच गावाचं नाव, खाली दोनच शब्द — ‘तलाव. पार.’ आणि पुढे हिरव्या पेन्सिलीचा ठिपका.

“मॅडम,” मी म्हटलं, “तुम्ही पार पाहिली काय?”

“सगळे पार पाहिले हो! पिंपळाचा, वडाचा, शेजारच्या सात गावांचे. सगळे चौथरे साध्या दगडांचे.”

मला आधी काही कळेना. झाडाच्या चौथऱ्याचा इथे काय संबंध? मग लक्षात आलं.

“मॅडम, तुमचा पार झाडाखाली असन. आमच्या इथी पार म्हंजे तलावाचा बांध. ते पाणी अडवते ना, ते आमची पार. सरांनी आमचाच शब्द लिवला असन.”

मॅडमनी वही ओढून ते दोन शब्द पुन्हा वाचले. रमेशभाऊंनी कपाळावर हात मारला. “तीन वर्षं मी डिझेल जाळून झाडं मोजून राह्यलो, अन् गोष्ट डबेवाल्या बाईले माहीत!”

आम्ही धावतच तलावावर गेलो. पण पारीची लांबीच अर्धा कोस. मॅडम हताश होऊन म्हणाल्या, “कुठे खणायचं?”

मी आवाजाबद्दल काही बोलले नाही. लाज वाटली. आवाज यायचा त्या जागेकडे नुसतं बोट दाखवलं, “इथी.”

तेवढ्यात मच्छीमार सोसायटीचे सोनबाभाऊ आले. मागे आमचे हे आणि सात-आठ माणसं. सोनबाभाऊ ओरडले, “पारीले कुदळ लावाची नाई! पाऊस तोंडावर आला. पार फुटली तं मासेबी जातीन अन् धानबी. काऊन खणता इथी?”

त्यांचं चुकत नव्हतं. मॅडम मागे सरकल्या. आणि मी… मला आजही नवल वाटतं, मी बोलले. “भाऊ, आतल्या बाजूनं खणू, पायथ्याशी. दोन हात. संध्याकाळच्या आत मी सोता माती भरून, तुडवून देईन. एका माणसाले लोकांनी खोटं ठरवलं आहे. थो खरा होता का नाई, एवढंच पाहाचं आहे.”

आमचे हे म्हणाले, “घरी तं हिच्या तोंडून दोन दिवसात चार शब्द निघत नाई!” लोक हसले. सोनबाभाऊही हसले. “खण मंग. पण तुडवाले मी उभा राहीन, सांगून ठेवतो.”

रमेशभाऊंनी फावड्याने माती ओढली. सर येऊन गेल्यावर दुष्काळाच्या कामात पारीला टाकलेली चिकण माती, खाली अजून ओली. दीड हातावर फावडं खणकन वाजलं. मॅडमनी हाताने चिखल बाजूला केला, बाटलीतलं पाणी ओतलं. काळा दगड. भिंतीसारखा उभा जमिनीत गेलेला. आणि त्यात कुठे मुगाच्या दाण्याएवढे, कुठे बोराएवढे, हिरवे हिरवे खडे उन्हात चमकायला लागले.

मॅडम चिखलात बसल्या आणि रडायला लागल्या. हसत होत्या आणि रडत होत्या. “सर… इथेच आहे सर…” रमेशभाऊ नाचले. सोनबाभाऊ विचारत होते, “पाचू हाय काय?” मॅडम म्हणाल्या, “भाऊ, माझ्यासाठी पाचूहून मोठा.”

थोड्या वेळाने त्यांनी भिंग लावलं आणि विचारलं, “रमेश, तू इथे मारलंस का?”

दगडाच्या एका कोपऱ्याचा तळहाताएवढा टवका उडालेला होता. ती जागा कोळशासारखी काळी, लखलखीत. मध्ये हातोडीच्या घावाचा पांढरा ठसा. टवका बाजूलाच चिखलात पडलेला. मॅडमनी तो उचलून लावला तर बरोबर बसला.

“मी नाई मारलं,” रमेशभाऊ म्हणाले. मॅडमनी त्यांना फावडं जोरात मारायला लावलं. नुसता ओरखडा उठला.

“मंग तुमच्या सरांनीच तेव्हा फोडला असन,” रमेशभाऊ म्हणाले.

“तीस वर्षं ओल्या मातीत? या दगडात लोखंड असतं रमेश, त्याला गंज चढतो. हे तोंड तपकिरी व्हायला हवं होतं. हे तर… दोन-तीन दिवसांपूर्वीचं आहे.”

दोन-तीन दिवस. मी तेव्हा सगळ्यांसमोर सांगून टाकलं. टिंग टिंग, अडीच वाजता, याच जागी. कोणी हसलं नाही. आमचे हे हळूच म्हणाले, “कांदा सोड आता डोक्याचा.”

संध्याकाळपर्यंत आम्ही माती भरली. सोनबाभाऊंनी धोतर खोचून स्वतः तुडवली. त्या पावसाळ्यात पारीला थेंबभर ओल सुटली नाही.

दिवाळीनंतर मॅडमचं पत्र आलं, माझ्या नावाने. आयुष्यात माझ्या नावाने आलेलं पहिलं पत्र. मी ते अंगणात उभी राहून मोठ्याने वाचलं. प्रयोगशाळेत दगड तपासला होता. सरांचा जुना तुकडा आणि आमच्या पारीचा तुकडा एकाच रसाचे निघाले. परदेशी वगैरे काही नाही, हिरवे खडे थेट खोल तळातले. मोठ्या सभेत मॅडमनी दोन्ही तुकडे शेजारी ठेवले, तेव्हा ज्यांनी सरांना नावं ठेवली होती त्यांतले एक म्हातारे गृहस्थ उठले आणि उभ्यानेच टाळ्या वाजवू लागले. मग सगळी सभा उठली. शोधाच्या खाली सरांचं नाव पहिलं छापलं, मॅडमचं त्यानंतर.

शेवटी लिहिलं होतं, “शेवंताबाई, सगळ्याचं उत्तर मिळालं. त्या ताज्या टवक्याचं नाही. तो मी लेखात घातला नाही, माझ्या वहीत तसाच नोंदवून ठेवला आहे. माझ्याकडे कारण नाही आणि खोटं कारण मला लिहायचं नाही.”

माझ्याकडेही नाही. त्यानंतर कितीतरी उन्हाळे मी दुपारी अडीचला पारीवर जाऊन उभी राहिले. आवाज पुन्हा आला नाही. यायचं कारणही उरलं नसेल… दगड सापडला होता आणि सर खरे ठरले होते.